पिंडाला कावळा शिवला आणि मला हसू फुटलं

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.

पत्रलेखक ४९ वर्षांचे आहेत. आठवीपासूनचा त्यांचा मित्र गेल्या जानेवारीत हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. घरी आई, पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि थोरला भाऊ. मित्र पतसंस्थेत नोकरीला होता, आणि पाच जणांच्या कट्ट्याचा जीव होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आठ बिऱ्हाडं एका गच्चीवर अडकली होती. "आपण नदीवर जायचा कंटाळा करतो म्हणून तीच आलीय, चहा तरी टाका," असं म्हणून त्यानं रडणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा हसवलं होतं.

१९९६ च्या दिवाळीत पत्रलेखकांनी त्याच्या वडिलांची एम-८० दुचाकी चालवायला घेतली आणि तिचा आरसा फोडला. किंमत साठ रुपये. तेव्हापासून दर दिवाळीला मित्राकडून हिशेब यायचा, पतसंस्थेच्या कर्जाच्या दरानं, पंधरा टक्के चक्रवाढ. २०२४ च्या दिवाळीला आकडा होता ३,००४ रुपये, आणि खाली प्रश्न, "जप्तीला कधी येऊ?"

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, मुलाचं शिक्षण मी बघतो. मामा म्हणाले, आईची काळजी करू नकोस. तासभर गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, तेवढ्यात पत्रलेखक पुटपुटले, "आरशाचे पैसे देतो रे बाबा." आणि कावळा खाली आला. त्यांना मोठ्यानं हसू फुटलं, पाठोपाठ बाकीच्या तिघांनाही. भाऊ तिथेच म्हणाला, "तुम्हाला काय, सगळी चेष्टाच." त्यानंतर तो यांच्याशी बोललेला नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. संध्याकाळी घरीच पन्नासेक माणसं जमतील. वहिनींनी विनंती केली आहे, "भावजी, तुम्ही बोला." भावाचा निरोप आहे, "बोलायचं तर नीट बोला, तमाशा नको." पत्रलेखक विचारतात: गंभीर बोललो तर तो माणूस मी सांगतोय तो नसेल, आणि खरं सांगितलं तर लोक हसतील, काय करू? कट्ट्यावर आता कुणी विनोद करत नाही. त्याचा आवाज विसरत चाललोय अशी भीती वाटते. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: "डिसेंबरात दोनदा म्हणाला होता, छातीत जळजळतंय. 'ॲसिडिटी माझ्या प्रेमात पडलीय, पाठ सोडत नाही.' आम्ही हसलो होतो."

—

सप्रेम नमस्कार.

घाटावरच्या हसण्यापासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही त्याची माफी मागावी तशी ती गोष्ट लिहिली आहे. कावळा शिवण्याची वाट बघणं ही आपल्याकडची एकमेव वेळ असावी, जेव्हा चारचौघांत, मोठ्यानं, गेलेल्या माणसाशी थेट बोलतात. तुझं काय राहिलंय, सांग. मग जो तो आपल्याला ठाऊक असलेल्या माणसाशी बोलतो. भावाला ठाऊक होता एका मुलाचा बाप. मामांना ठाऊक होता बहिणीचा मुलगा. तुम्हाला ठाऊक होता अठ्ठावीस वर्षं साठ रुपयांसाठी पाठीमागे लागलेला सावकार. तुम्ही त्या सावकाराशी बोललात. कावळा का आला याचं उत्तर ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेनुसार द्यावं, पण तुम्हाला हसू का आलं ते मला स्वच्छ दिसतं: दहा दिवसांत पहिल्यांदा तो तुमच्याशी त्याच्या पद्धतीनं वागला. अशा वेळी आलेलं हसू आवरत नाही. ते आवरायला हवं होतं असं मला वाटतही नाही.

शोकात हसू येणं ही माणसाच्या मनाची ओळखीची रीत आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी त्या जोडीदाराविषयी बोलायला सांगितलं आणि त्यांचे चेहरे बारकाईनं पाहिले. बोलता बोलता जे खरंखुरं, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसले, त्यांच्यात राग कमी होता आणि आसपासच्या माणसांशी त्यांचे संबंध अधिक चांगले होते. हसल्यानं दुःख बरं होतं, असा याचा अर्थ नाही. जो हसतो त्याचं दुःख खोटं नसतं, एवढं मात्र यातून नक्की घेता येईल.

आता भावाकडे वळू या, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गाठ तिथे आहे आणि तुम्ही ती वेगळ्या ठिकाणी शोधताय. त्यांना तुमच्या हसण्याचा राग आला, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तो तास एकदा त्यांच्या जागी उभं राहून आठवून बघा. धाकटा भाऊ गेलाय. शेजारी चौदा वर्षांचा पुतण्या, डोक्याचं क्षौर झालेलं, ओल्या धोतरात थंडीनं कुडकुडत उभा. माणसं कुजबुजताहेत, काय इच्छा राहिली असेल. थोरल्या भावानं, त्याच्यापाशी होतं नव्हतं ते सगळं देऊ केलं. मुलाचं शिक्षण म्हणजे पुढची आठ-दहा वर्षं त्यांनी तिथे हात जोडून कबूल केली, आणि कावळा जागचा हलला नाही. मग तुम्ही आलात, आरशाचे साठ रुपये म्हणालात, आणि तो खाली उतरला.

माझा कयास चुकीचा असू शकतो. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्या माणसाला जे लागलं ते हसण्याच्या फार आधी लागलं असावं. आपल्या भावानं आपलं ऐकलं नाही आणि मित्राचं ऐकलं, हे पन्नास माणसांदेखत घडलं. "तुम्हाला काय, सगळी चेष्टाच" या वाक्यात मला रागाइतकंच दुसरं काहीतरी ऐकू येतं: तुमच्या वाट्याला तो हसणारा आला, माझ्या वाट्याला कोण आला?

बाहेर सगळ्यांना हसवणारी पुष्कळ माणसं घरात, विशेषतः थोरल्या भावासमोर किंवा वडिलांसमोर, खाली मान घालून जेवतात. कित्येक घरांत थोरल्याच्या वाट्याला धाकट्याच्या फिया, अर्ज, उधाऱ्या येतात. विनोद कट्ट्यावर जातात. तुमच्या मित्राच्या घरी तसं होतं का, मला माहीत नाही. तुम्हालाही नक्की माहीत नसेल. म्हणून वर्षश्राद्धाच्या आधी एकदा त्यांच्याकडे जा. भाषणाची परवानगी मागायला जाऊ नका, आणि घाटावर काय झालं याचा खुलासा घेऊनही जाऊ नका. सकाळच्या वेळी, एकटेच जा, आणि एवढंच म्हणा, "दादा, आठवीच्या आधीचा तो मला माहीत नाही. तुम्ही सांगा." मग ते बोलतील तेवढं ऐका. चहा संपेपर्यंत काहीच बोलले नाहीत, तर चहा पिऊन परत या, तेही चालेल. मात्र त्यांनी एखादी गोष्ट सांगितलीच, तर ती भाषणात त्यांच्या नावानं सांगू का, असं विचारा. त्या संध्याकाळी पन्नास माणसांना कळायला हवं की या माणसाचा पहिला प्रेक्षक त्याच्या घरात होता.

तुम्हा मित्रांचंही एक आहे, आणि ते कुणी बोलत नाही म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडे मित्राला सुतक नसतं. दहा दिवसांत त्याला काही करायचं नसतं, ऑफिसात रजेच्या अर्जावर लिहायला नातं नसतं. लोक तुम्हाला विचारतात ते "वहिनी कशा आहेत? मुलगा कसा आहे?" तुम्ही कसे आहात, असं बहुधा एकानंही विचारलं नसेल. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा शोकाला वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला 'ज्याचा हक्क मान्य झालेला नाही असा शोक' म्हणावं लागेल. परंपरा मात्र वाटते तितकी कोरडी नाही. पितृपक्षातल्या महालयात नात्यातल्यांच्या पाठोपाठ गुरू, मित्र, शिष्य यांचाही उच्चार करण्याची रीत आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी महालय होत असेल, तर गुरुजींना सांगून त्याचंही नाव घ्या. श्रद्धा नसेल तर नका घेऊ. पण तुमच्या चौघांच्या दुःखाला कुणाच्या परवानगीची गरज आहे, असं मनातून काढून टाका.

आता भाषण.

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत, गंभीर की गमतीचं. मला तिसरीच भीती वाटते. शोकसभांमध्ये मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे: हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी, कधी कुणाला दुखावलं नाही. चौकातल्या फ्लेक्सवर भावपूर्ण श्रद्धांजलीच्या खाली लिहितात तीच ही विशेषणं, आणि ती कुणालाही लागू पडतात. बोलणारा प्रामाणिक असतो, त्याचा कंठही दाटलेला असतो, पण ऐकून घरी जाणाऱ्याच्या हाती त्या माणसातलं काही लागत नाही. 'तो फार विनोदी होता' हे वाक्यही त्याच जातीचं. ते म्हणून कुणी हसत नाही आणि कुणाला त्याची आठवणही येत नाही. आरसा म्हणा, साठ रुपये म्हणा, पंधरा टक्के चक्रवाढ म्हणा. तो समोर उभा राहील.

मग कोणत्या गोष्टी सांगायच्या? एक कसोटी माझ्या उपयोगी पडली आहे: ही गोष्ट त्यानं स्वतः, आईसमोर, याच खोलीत सांगितली असती का? सांगितली असती तर सांगा. कट्ट्यावरच्या काही गोष्टी त्यात बसणार नाहीत. त्या कट्ट्याच्या आहेत, तिथेच राहू द्या. गोष्टीत हसं कुणाचं होतं तेही बघा. ते तुमचं झालं तर उत्तम. पूर्वी चेष्टेचा विषय झालेली एखादी तिसरी व्यक्ती, एखादे शेजारी किंवा पतसंस्थेतले साहेब, समोर बसलेली असेल तर ती गोष्ट गाळा, कारण तिला त्याच वेळी गोड करून घेणारा माणूस आता तिथे नाही. त्याच्या लकबीची नक्कल करू नका. तुम्ही ती कट्ट्यावर उत्तम करत असाल, पण त्याच्या आईला तो आवाज तुमच्या तोंडून अचानक ऐकू येणं फार जड जाईल.

घाटावरची गोष्ट सांगायची का? भावाशी बोलणं झालं आणि त्यांनी होकार दिला तरच. नाहीतर आरशाची गोष्ट दिवाळीच्या हिशेबापाशी संपवा. ती तिथेही पुरी होते.

आणि एक गोष्ट न हसवणारी हवीच. ती शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. पुराविषयी लिहिताना तुम्ही ओघात लिहून गेलात की दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर तो कठड्यापाशी एकटा उभा होता, आणि "काय रे?" विचारल्यावर म्हणाला, "बाबांचे सगळे फोटो खाली राहिले." एवढंच बोलला आणि पाण्याकडे बघत राहिला. दिवसभर आठ बिऱ्हाडांना हसवणाऱ्याच्या मनात दिवसभर ते फोटो होते. चहा टाका म्हणणारा आणि कठड्यापाशी उभा असलेला, हे दोघं एकामागोमाग सांगा. मध्ये काही स्पष्टीकरण देऊ नका. मला वाटतं, भावालाही हे माहीत नसेल, आणि ते फोटो त्यांच्याही वडिलांचे होते.

आपल्या भाषेला हा जोड नवा नाही. राम गणेश गडकरी विनोदी लेख 'बाळकराम' या नावानं लिहीत आणि कविता 'गोविंदाग्रज' या नावानं. लेखणी एकच होती. ते २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले तेव्हा जेमतेम ३३ वर्षांचे होते. मागे राहिलेल्यांना बाळकरामासाठी हसायचं आणि गोविंदाग्रजासाठी रडायचं, अशी वाटणी करता आली नसणार. त्यांना गुरू मानणारे आचार्य अत्रे जितके विनोदासाठी ओळखले गेले तितकेच मृत्युलेखांसाठी. हसवायला आणि शोक करायला एकच गोष्ट लागते, माणसाकडे नीट बघितलेलं असणं. ती तुमच्याकडे भरपूर आहे, आठवीपासूनची.

पाच-सात मिनिटांच्या वर बोलू नका. लिहून घ्या, मोठ्यानं दोनदा वाचा, आणि आदल्या दिवशी वहिनींना ऐकवा. त्यांना त्या पन्नास माणसांमध्ये बसून पहिल्यांदा ऐकायला लावू नका. कोणत्या वाक्याला आपण कोसळू हे त्यांना आधी ठाऊक असलं तर त्या सावरून बसतील. एखादी गोष्ट नको म्हणाल्या तर कारण न विचारता काढा. बोलताना गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, कागद शेजारच्या मित्राकडे द्या. हे चौघांमध्ये आधीच ठरवून ठेवा.

यातून एक पर्याय तुम्ही बघितलेलाच नाही. सगळं त्याच एका संध्याकाळी व्हायला हवं असं कुठे आहे? त्याच्या आईंना त्या दिवशी हसू ऐकवणार नाही असं वहिनी म्हणाल्या, तर वर्षश्राद्धाला दोन मिनिटं बोला आणि बसा. त्याच्या वाढदिवसाला कट्ट्यावर जमा, भडंग मागवा, वहिनींना आणि मुलाला बोलवा, आणि तिथे रात्रभर सांगा. विधीचा दिवस घराचा असतो, वाढदिवस तुम्ही मागून घेऊ शकता. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे आणि मोठी माणसं हट्टाला पेटली आहेत, अशा इतर वाचकांनाही मी हेच सुचवीन.

आता ती सहीच्या वरची ओळ.

तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांच्या खाली मला तीच दिसते. घाटावर हसलो याची टोचणी आहे, पण तिच्या आत डिसेंबरातल्या हसण्याची टोचणी आहे. तेव्हा हसलो नसतो तर, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण वर्षभर तो तुमच्याबरोबर आहे.

जे मला खरं माहीत आहे ते सांगते. हृदयाचं दुखणं आणि पित्ताची जळजळ यांत फरक करणं निव्वळ वर्णनावरून कठीण असतं. डॉक्टरसुद्धा 'जळजळतंय' ऐकून निष्कर्ष काढत नाहीत. ईसीजी काढतात, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघतात. तुम्ही कट्ट्यावर बसला होता. समोरचा माणूस पस्तीस वर्षं ज्या सुरात बोलत आला त्याच सुरात बोलला, आणि तुम्ही पस्तीस वर्षं जे केलं तेच केलंत. आज ते वाक्य सूचना वाटतं, कारण पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी ते ॲसिडिटीवरचं वाक्य होतं. आणि हेही खरं आहे की तो सूर त्यानं निवडला होता. त्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. घाबरलेला माणूस आपल्या सगळ्यात सरावाच्या गोष्टीकडे वळतो, आणि त्याची ती गोष्ट विनोद होती. कदाचित तो घाबरलेलाही नसेल, त्यालाही ती ॲसिडिटीच वाटली असेल. हे आता कळायला मार्ग नाही, आणि न कळलेलं तसंच बाळगणं हाही तुमच्या शोकाचा एक भाग आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

पण ते एकट्यानं बाळगू नका. हसताना चौघं होता ना? मग बाकीच्या तिघांच्याही मनात ते वाक्य असणार. कट्ट्यावर विनोद बंद झाले याचं कारण दुःख तर आहेच, पण मला शंका आहे की प्रत्येक जण हसायला घाबरतोय. एका संध्याकाळी तुम्ही सुरुवात करा: "ते ॲसिडिटीचं आठवतं का रे?" मग बघा कोण काय बोलतो. हे भाषणात मात्र आणू नका. वहिनींच्या मनात त्यांचा स्वतःचा डिसेंबर असेल, आणि तो त्यांनी कधी, कुणापाशी उघडायचा हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

या ओळीतून इतर वाचकांनी घ्यावं असंही काही आहे, म्हणून ती छापायची तुमची परवानगी मागितली होती आणि तुम्ही लगेच दिलीत. छातीत जळजळ, जडपणा, दाब. त्याबरोबर घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ. असं काही असेल तर पित्ताची गोळी घेऊन वाट बघू नका. लगेच दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. दुखणं थांबत नसेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणि आपल्या गटातला जो सगळ्यांना हसवतो, त्याला हसून झाल्यावर, बाकीचे उठून गेल्यावर, एकदा विचारा, "आणि खरंच कसं आहे?" त्याला हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. तुम्ही चौघंही पन्नाशीला आलात. एकाच सकाळी चौघं मिळून जा, रक्तदाब, साखर, ईसीजी करून या आणि येताना नाश्ता करा. वहिनींना हे कळलं तर त्यांना बरं वाटेल.

आवाज विसरण्याची भीती तुम्ही लिहिलीत, ती खरी आहे. त्यावर निदान हातानं करता येण्याजोगं काही आहे. व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप फोन बदलला की हरवू शकतात. आजच त्या संभाषणात जाऊन 'एक्सपोर्ट चॅट' करा, मीडियासकट, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा: एक पेनड्राइव्ह आणि एक तुमचं ईमेल किंवा ड्राइव्ह. कट्ट्याच्या ग्रुपचंही करा. दिवाळीचे जुने हिशेब कागदावर असतील तर त्यांचे फोटो काढा. ऐकायची घाई नको; जपणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. कुटुंबाला विचारल्याशिवाय यातलं काहीही स्टेटसला टाकू नका.

गोष्टींसाठी एक पद्धत सुचवते. चौघांनी चार वह्या घ्या आणि एकमेकांना न विचारता आठवतं तसं लिहा. एकत्र बसून आठवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते, आणि बाकीच्या तीन हरवतात. आधी लिहा, मग एकत्र वाचा. कुणी म्हणेल एम-८० हिरवी होती, कुणी म्हणेल निळी. भांडा. तोही भांडला असता.

यातलं काही जमलं नाही, वर्ष उलटून गेल्यावरही झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, जगण्यातच रस वाटेना असं झालं, तर ते मित्रांवर सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

शेवटी त्याच्या मुलाविषयी. तुमच्या पत्रात तो फक्त ओल्या धोतरात उभा आहे. त्यानं बापाला चौदा वर्षं पाहिलं, त्यातली पहिली चार-पाच त्याला आठवणारही नाहीत. तुमच्यापाशी पस्तीस आहेत. त्या दिवशी पिंडासमोर तो उभा असताना चार मोठी माणसं हसली, आणि का हसली हे त्याला आजवर कुणी सांगितलं नसेल. त्याच्या मनात त्याचं काय झालं असेल, याची मला भावाच्या रागापेक्षा जास्त काळजी वाटते. त्याच्यासाठी वही लिहा. तो मागेल तेव्हा द्या. कदाचित विसाव्या वर्षी मागेल.

आणि आरशाचे पैसे. घाटावर तुम्ही सगळ्यांदेखत ते कबूल केलेत. मी हिशेब केला: २०२४ च्या दिवाळीला ३,००४ होते, त्यावर आणखी एका वर्षाचं पंधरा टक्के व्याज धरलं की ३,४५५ होतात. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पाहुणे निघून गेल्यावर, भावाला आणि वहिनींना सांगून ते पाकिटात घालून मुलाच्या हातात द्या. तो विचारेल, काका, हे कशाचे? मग त्याच्याजवळ बसा आणि १९९६ च्या दिवाळीपासून सांगायला लागा.